गेममधलं लग्न: करार कोणाचा, विधी कोणाचा आणि काडीमोड कसा

आमच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे रोल-प्ले खेळायच्या आमच्या ऑनलाइन गप्पांच्या अड्ड्यावर, कॅरेक्टरांची लग्नसराई मे महिन्यात असते. कारण साधं आहे, नवतपा लागला की नागपुरात दुपारचं कोणी बाहेर निघत नाही, कॉलेजच्या पोट्ट्यांना सुट्ट्या, सगळे कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेले, मग हिवाळ्यापासून जे एल्फ आणि चेटकिणी आणि भाडोत्री योद्धे एकमेकांकडे पाहून लाजत असतात त्यांचे बार तेव्हाच उडतात. आणि दर वर्षी कोणाच्या तरी घरी आईला नाहीतर मोठ्या भावाला स्क्रीनवर 'विवाह करारनामा' असं ठळक अक्षरात दिसतं आणि घरात जो गोंधळ होतो तो विचारू नका. मी तिथे मॉडरेटर, म्हणजे नियम सांभाळणारा, आहे आणि बहुतेक लग्नं मीच लावतो, म्हणजे भटजी म्हणा, पाद्री म्हणा, 'चंद्रमंदिराचा महंत' म्हणा, जे कॅरेक्टर लागेल ते. त्यामुळे हे काय प्रकरण आहे ते एकदा नीट लिहून काढतो.

पहिले रोल-प्ले म्हणजे काय ते. तुम्ही एक कॅरेक्टर बनवता, त्याचं नाव, गाव, वंश, खोडी, जुनं दुखणं, सगळं ठरवता आणि मग त्याच्या तोंडून बोलता. कोणी हे मोठ्या ऑनलाइन गेममधे करतं, जिथे तुमचा थ्रीडी अवतार फिरताना दिसतो, कोणी नुसतं टाइप करून करतं, म्हणजे 'ती तलवार म्यानात सरकवते आणि त्याच्याकडे न पाहताच म्हणते, उशीर केलास' असं. टाइप करून खेळायचा प्रकार लय जुना आहे, १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात दोघा विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम सुरू केला त्यात चित्र नव्हतंच, नुसता मजकूर होता. टेबलाभोवती बसून फासे टाकायचं डंजन्स अँड ड्रॅगन्स तर त्याच्याही आधीचं, १९७४ चं.

यात दोन शब्द रोज कानावर पडतात, आयसी आणि ओओसी. आयसी म्हणजे इन कॅरेक्टर, पात्र बोलून राहिलं आहे. ओओसी म्हणजे आउट ऑफ कॅरेक्टर, खेळणारा माणूस बोलून राहिला आहे. हे समजलं की अर्धा विषय समजला. वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, स्टेजवर लग्न लागतं, नवरी रडते, समोरचं पब्लिकही रडतं, आणि सकाळी तेच दोघं मंडळाच्या गाडीत पेंगत पुढच्या गावाला निघतात, त्यांना कोणी विचारत नाही की तुमचं खरंच झालं का. पण झाडीपट्टीत नाटक लिहिणारा तिसराच असतो, पुढचं वाक्य दोघांनाही पाठ असतं. रोल-प्लेमधे दोघंही नट आणि दोघंही लेखक, पुढचं वाक्य काय येईल ते समोरच्याच्या हातात. उद्या त्याने लिहिलं की 'तो तिला सोडून दुसऱ्या राज्यात निघून गेला', तर तुमच्या कॅरेक्टरची वर्षभराची कथा त्या एका ओळीत बदलली. म्हणून करार लागतो. लग्न कॅरेक्टरचं असतं, पण करार खेळणाऱ्या दोन माणसांमधला असतो, आणि घरच्यांना जी भीती वाटते ती नेमकी हे न कळल्यामुळे वाटते. (गंमत अशी की खेळणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना हे कळत नाही.)

आता गेम कंपन्यांनी स्वतःच लग्नाची सोय करून ठेवली असते त्याबद्दल. तिथे करार वगैरे तुम्हाला लिहावा लागत नाही, सिस्टिमच सगळं करते. रॅग्नारोक ऑनलाइन हा २००२ चा कोरियन गेम, भारतातही याचा सर्व्हर चालायचा, ज्यांनी कॅफेत बसून तो खेळला ते आता चाळिशीकडे झुकले असतील. त्यात प्रोंटेरा नावाच्या शहरात चर्च, वराने १३ लाख झेनी आणि सूट आणायचा, वधूने १२ लाख झेनी आणि लग्नाचा ड्रेस, दोघांनी अंगठ्या, तेव्हा लग्न लागणार. झेनी म्हणजे गेममधला पैसा, खरा नाही, पण तो जमवायला रात्री जागाव्या लागायच्या त्या खऱ्याच. लग्न झालं की खास स्किल मिळायची, नवरा-बायकोला आपल्याजवळ बोलावून घेता यायचं, आणि पुढे लेव्हल वाढली की तिसऱ्या खेळाडूला मूल म्हणून दत्तकही घेता यायचं. दत्तक मूल म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा वर्गातलाच एखादा मित्र. मला हा प्रकार आजही सगळ्यात भारी वाटतो.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमधे मारा नावाच्या देवीच्या वेदीपुढे दोघांनी शपथ घ्यायची, मग दोघांना अंगठी मिळते आणि ती घालून एकत्र खेळलं की अनुभवाचे पॉइंट १० टक्के जास्त. म्हणजे तिथे अर्धी लग्नं प्रेमासाठी नाही, त्या १० टक्क्यांसाठी होतात, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. फायनल फॅन्टसी चौदामधे २०१४ च्या डिसेंबरात हा विधी आला, त्याचं नाव 'इटर्नल बाँड'. बारा देवांच्या मंदिरात खरोखर तारीख आणि वेळ बुक करायची, पाहुण्यांना निमंत्रणं पाठवायची. साधा प्लॅन फुकट, गोल्ड साधारण १० डॉलर, प्लॅटिनम साधारण २० डॉलर, आणि हे मात्र खरे पैसे. महागड्या प्लॅनमधे दोघांना बसता येईल असा मोठ्ठा पक्षी वाहन म्हणून मिळतो. स्त्री-पुरुष, कोणता वंश, काहीही अट नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवलं. सेकंड लाइफ या ऑनलाइन थ्रीडी जगाला गेम म्हणावं की नाही यावर वाद आहे, पण तिथे प्रोफाइलवर जोडीदार नोंदवायला १० लिंडन डॉलर (हे तिथलं चलन) आणि नोंद मोडायला २५ लिंडन डॉलर, म्हणजे आपल्या पैशात काडीमोड दहा रुपयांच्या आसपास. वकील ऐकतील तर रडतील.

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांकडे तर मंत्रच आहे. २०१७ च्या त्यांच्या एका नियमपुस्तकात 'सेरेमनी' नावाचा मंत्र आला, तासभर विधी, २५ सोन्याच्या नाण्यांची चांदीची पूड खर्च, आणि लग्न लागलं की पुढचे सात दिवस नवरा-बायको एकमेकांपासून ३० फुटांच्या आत असतील तर दोघांचंही संरक्षण २ अंकांनी वाढतं. पुन्हा हा फायदा पाहिजे असेल तर अट एकच, आधीचा जोडीदार मेलेला असला पाहिजे. आता ही अट वाचून जगभरच्या खेळणाऱ्यांच्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि काही गेम असे की सिस्टिमच नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधे लग्नाचं बटण नाही, तरी लोक स्टॉर्मविंडच्या कॅथेड्रलमधे जमून स्वतःच लग्न लावतात. टेक्स्ट रोल-प्लेमधे तर सगळं हातानेच. आमचा डिस्कॉर्ड या दुसऱ्या जातीचा, म्हणून करारही आम्हीच लिहितो.

तर करार. याचे दोन भाग असतात आणि नवीन पोट्टे कायम पहिल्याच भागावर सगळी ताकद लावतात. पहिला भाग सजावटीचा: जुन्या वळणाची भाषा, 'सूर्यवंशी राज्याच्या तिसऱ्या चंद्रपर्वात, वनरक्षकांच्या कुळातील अमुक आणि कृष्णमठाची चेटकीण तमुक यांच्यात' वगैरे, हुंड्यात दोन घोडे, एक शापित आरसा, कुळाची निशाणी कोणाची राहील, मुलं झाली तर कोणत्या वंशात मोजायची. काही ठिकाणी मुदत असते, युरोपातल्या हाताला दोरी बांधायच्या जुन्या विधीवरून 'एक वर्ष आणि एक दिवस' ही मुदत फॅन्टसीवाल्यांनी उचलली आहे, तेवढा काळ झाला की पुन्हा दोघांची मर्जी असेल तर नूतनीकरण. ही पद्धत मला आवडते, कारण वर्षभराने दोघंही त्या सर्व्हरवर असतील याचाच भरवसा नसतो.

दुसरा भाग ओओसी. हा बोअर वाटतो, पण खरा करार हाच आहे. आमच्याकडे जो चालतो त्यातलं पहिलं कलम: 'आयसी प्रेम हे ओओसी प्रेमाचा पुरावा नाही.' दुसरं, दोघंही १८ च्या वर, आणि याच्यावर चर्चा नाही, वय लपवलं असं कळलं की लग्न तिथेच रद्द आणि दोघांचा तो चॅनेल बंद. तिसरं, मधुचंद्राच्या रात्री दिवा मालवला की सीन संपला, पुढचं कोणी लिहायचं नाही. हे कुठे किती सैल ठेवायचं ते प्रत्येक समुदाय ठरवतो, आम्ही घट्ट ठेवलं आहे. चौथं, समोरच्याच्या कॅरेक्टरला न विचारता मारायचं नाही, आंधळं करायचं नाही, गरोदर करायचं नाही. हसू नका, तिन्ही गोष्टी झाल्या आहेत म्हणून कलम आलं. दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर परस्पर काहीतरी घडवून टाकणं याला आमच्यात गॉडमॉडिंग म्हणतात आणि नवरा झाल्यावर लोकांना वाटतं आता हक्कच मिळाला.

पाचवं कलम माझं आवडतं. परीक्षा, नोकरी, पुण्याला शिफ्टिंग, काही ना काही कारणाने माणूस गायब होतो, मग इकडे त्याची बायको रोज दारात कंदील लावून वाट पाहण्याचे सीन लिहीत बसते आणि चार दिवसांनी चिडते. म्हणून लिहून ठेवलं आहे: दोघांपैकी कोणी दोन आठवडे आलं नाही तर त्याचं कॅरेक्टर तीर्थयात्रेला गेलं असं धरायचं. दोन महिने नाही आलं तर यात्रेत साधू झालं. साधू झालेल्याच्या जोडीदाराला पुन्हा लग्न करायची मोकळीक. यामुळे भांडणं इतकी कमी झाली की आता बाकीच्या सर्व्हरवाल्यांनीही हे उचललं आहे.

विधीचं म्हणाल तर तिथे आपलं पब्लिक कल्पक आहे. इंग्रजी सर्व्हरवर साधारण पाद्रीचा ढाचा असतो, शपथ, अंगठी, कोणाची हरकत आहे का वगैरे. आमच्याकडे एल्फांच्या लग्नातही अंतरपाट असतो. मेन चॅनेलमधे फक्त महंत, वर आणि वधू लिहू शकतात, बाकी वऱ्हाडासाठी वेगळा चॅनेल, त्याचं नाव 'मांडव'. व्हॉइसवर मंगलाष्टका, त्याही खऱ्या शार्दूलविक्रीडितात बसवलेल्या, वनदेवता आणि चंद्रमठ आणि सात शिखरं यांची नावं गुंफून, आणि ते वृत्त एका ओळीत १९ अक्षरं मागतं त्यामुळे एल्फांची लांबलचक नावं बसवताना लिहिणाऱ्याचा जीव जातो. गेल्या उन्हाळ्यातल्या एका लग्नात म्हणणारी तिघं तीन गावांतून, एक वर्धेची, एक अमरावतीचा, एक इथली मनीषनगरची, आणि प्रत्येकाच्या नेटचा लॅग, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, वेगळा, तर अमरावतीवाल्याचं 'सावधान' बाकीच्यांच्या आधी पोचायचं, तिथे मांडवात लगेच सगळे 'अक्षता' 'अक्षता' 'अक्षता' टाइप करून मोकळे, आणि वर्धेची बिचारी अजून तिसऱ्याच चरणात. मधेच कोणीतरी लिहिलं, 'ओओसी: सावजी मागवून राहिलो, कोण कोण खाणार.' नवरदेवाच्या एरियात लाईट गेली, तो मोबाइलच्या डेटावर परत येईपर्यंत महंताने, म्हणजे मी, 'वनात वादळ उठलं आहे, वराचा घोडा बिथरला आहे' असं पाच-सहा पोस्ट ओढत नेलं. एवढ्यात मागून माझी आई, 'कोनाचं लग्न लावून राहिला रे रात्री अकराले?' माइक चालू होता. ते वाक्य आता सर्व्हरवर आशीर्वाद म्हणून वापरतात.

मोठ्या गेममधे लग्न असेल तर आणखी एक बंदोबस्त लागतो, राखणदारांचा. कारण जिथे खेळाडू एकमेकांवर हल्ला करू शकतात अशा सर्व्हरवर जमलेलं वऱ्हाड म्हणजे फुकटचं टार्गेट. २००६ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधे एका वारलेल्या, म्हणजे खरंच वारलेल्या, खेळाडूसाठी मित्रांनी गेममधे शोकसभा ठेवली होती आणि दुसऱ्या एका गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या टोळीने, येऊन सगळ्यांना कापून काढलं. त्यावर लोक आजही भांडतात, कोणी म्हणतं नीचपणा, कोणी म्हणतं सर्व्हरचा नियमच तो आहे. माझं मत पहिल्या बाजूचं आहे, पण तारीख आणि जागा जगजाहीर करून ठेवू नये हेही खरं.

आता कायदा, कारण घरच्यांचा खरा प्रश्न तोच असतो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७, विधी पाहिजे, आणि सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण. २०२४ मधे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधीच झाला नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू विवाह होत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ मधे ३० दिवसांची नोटीस, अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार. कुठेही अवताराने चाललेली पावलं मोजत नाहीत. २०२२ मधे तामिळनाडूतल्या एका जोडप्याने मेटाव्हर्समधे, म्हणजे अवतार घेऊन वावरायच्या ऑनलाइन जगात, लग्न केल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेही नीट वाचलं तर लग्न गावात रीतसर झालं होतं, ऑनलाइन होतं ते रिसेप्शन, आणि त्यात नवरीचे वारलेले वडील अवताराच्या रूपाने आले होते. म्हणजे गेममधे लग्न केलं म्हणून कोणी विवाहित होत नाही आणि आधीच विवाहित असलेल्यावर दुसऱ्या लग्नाचा गुन्हाही लागत नाही. पण म्हणून घरी लपवून रोज रात्री दोनपर्यंत गेममधल्या बायकोशी ओओसी गप्पा मारा असा याचा अर्थ नाही. २००८ मधे इंग्लंडमधल्या एका जोडप्याचा खरा घटस्फोट यावरूनच गाजला होता, सेकंड लाइफमधे नवऱ्याचा अवतार दुसऱ्या बाईच्या अवताराबरोबर सापडला. आपल्याकडेही मानसिक क्रूरतेच्या मुद्द्यावर चॅट पुरावा म्हणून कोर्टात जाऊ शकतात, तिथे 'मी आयसी होतो साहेब' हे किती चालेल सांगता येत नाही.

आणि वस्तूंचं. करारात 'दोन घोडे आणि किल्ला वधूच्या नावे' लिहिलं तरी तो किल्ला तुमचा नाहीच, बहुतेक गेमच्या अटींमधे लिहिलेलं असतं की तुम्हाला वापरायचा परवाना आहे, मालकी कंपनीची. अकाउंट बंद झालं की किल्ला गेला. त्यामुळे खरे पैसे घालून जोडीदाराला वस्तू घेऊन देताना एवढाच विचार करा की उद्या परत मागायची वेळ आली तर मागायला जागा नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पासवर्ड. प्रेमाच्या भरात लोक देऊन टाकतात, 'माझं रोजचं काम करून ठेव ना'. जपानमधे २००८ साली मेपलस्टोरी या गेममधे एका बाईला तिच्या गेममधल्या नवऱ्याने न सांगता न विचारता काडीमोड दिला. तिचं वय ४३, पियानो शिकवायची, राहायची मियाझाकीला, तो ३३ चा, दीडेक हजार किलोमीटर दूर सापोरोला. पासवर्ड तिच्याकडे आधीचाच होता. तिने लॉगिन केलं आणि त्याचं कॅरेक्टर डिलीट करून टाकलं. पोलिसांनी तिला तिच्या घरून उचललं, आणि गुन्हा खुनाचा नाही तर दुसऱ्याच्या अकाउंटमधे बेकायदा शिरल्याचा. आपल्याकडे असं झालं तर आयटी कायद्याचं कलम ६६ सी आहे, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मला या केसमधे तिचं कृत्य पटत नाही पण तिचा राग समजतो. त्या गेममधे एकट्यानेच काडीमोड घेता यायचा, समोरच्याला विचारायची गरज नव्हती. वर्षभर दोघांनी मिळून उभी केलेली गोष्ट आणि शेवट लिहायचा हक्क एकाकडेच.

म्हणून आमच्याकडे काडीमोडाचं कलम लग्नाच्या आधी लिहावं लागतं, नाहीतर महंत तारीख देत नाही. नवीन जोड्या कटकट करतात, 'भाऊ, शुभकार्यात हे काऊन', तरी लिहायचं. त्यात तीन गोष्टी पाहिजेत. पहिली, वेगळं व्हायचं हे आधी ओओसी सांगायचं, खासगी मेसेजमधे, साध्या भाषेत, आणि मग सीन लिहायचा, सीनमधून समोरच्याला बातमी द्यायची नाही. दुसरी, दोघांची सामायिक कथा, म्हणजे घर, दत्तक मूल, कुळाचं नाव, हे कोणाकडे राहील. दत्तक मूल हा पण एक खेळणारा माणूस असतो, त्याला विचारलं पाहिजे, आणि आमचा अनुभव असा की तो बहुतेक वेळा म्हणतो, 'मला अनाथ करून टाका, कथा चांगली होईल.' तिसरी, शेवटचा सीन. दोघंही लिहायला तयार असतील तर दोघांनी मिळून, एक एक पोस्ट, पाहुणे नाहीत, मांडव बंद. एकालाच लिहायचं असेल तर त्याने फक्त आपल्या कॅरेक्टरचं लिहायचं, समोरच्याचं काय झालं ते उघडंच ठेवायचं. आणि दोघांनाही नको असेल तर महंत दोन ओळींत नोंद करतो, करारनामा अर्काइव्हमधे टाकतो आणि दोघांच्या नावापुढचा 'विवाहित' हा रोल, म्हणजे डिस्कॉर्डवरचा बिल्ला, काढून घेतो. तो रोल काढायचा राहिला तर पुढच्या मे महिन्यात बॉट, म्हणजे आपोआप कामं करणारा प्रोग्राम, त्यांना लग्नाच्या यादीतच घेत नाही, तेव्हा तेवढं मॉडरेटरला आठवणीने सांगा.